मूलपेशींपासून मेदऊती : प्रस्तावना

मेदऊती, म्हणजे व्यवहारातली चरबी, हिच्या वाट्याला फार गैरसमज आले आहेत. ती कमी कशी करायची यावर जगभर अमाप लिहिले जाते. ती गेली तर परत कशी आणायची, हा प्रश्न मात्र प्लास्टिक सर्जन आणि मोजके पेशीशास्त्रज्ञ यांच्यापलीकडे फारसा पोचलेला नाही. माणसाच्या मूलपेशींपासून नवी मेदऊती वाढवण्याची शाखा याच प्रश्नातून जन्मली. गेल्या सुमारे तीस वर्षांत तिने मोठी मजल मारली. तरीही तिचे मूळ उद्दिष्ट, म्हणजे हव्या त्या आकाराची, टिकणारी, जिवंत चरबी रुग्णाच्या शरीरात तयार करणे, अजून नित्याच्या उपचारात उतरलेले नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजले की विषयाचा बराचसा गाभा हाती येतो.

गरज कोणाला आहे, हे आधी पाहायला हवे. स्तनाच्या कर्करोगामुळे स्तन किंवा त्याचा काही भाग काढावा लागलेल्या स्त्रिया हा यातला सर्वांत मोठा गट. भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोगही हाच. लहानपणी भाजून त्वचेखालचा थर गमावलेली मुले, अपघातात गालाचा वा पोटरीचा मऊ भाग गेलेली माणसे, पॅरी–रॉम्बर्ग विकारात चेहऱ्याची एक बाजू वर्षागणिक खंगत गेलेले तरुण हे सारे त्यात येतात. एचआयव्हीबाधितांच्या एका पिढीची हकिगत तर विसरता येणार नाही अशी आहे. स्टॅव्हुडिन हे औषध स्वस्त होते आणि त्याने भारतात व आफ्रिकेत असंख्य जीव वाचवले. पण ते दीर्घकाळ घेतल्यावर गालांवरची, हातापायांवरची चरबी झडत जाई. रोग लपवून जगण्याची धडपड करणारा माणूस आत गेलेल्या गालांमुळे चारचौघांत ओळखू येई. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हे औषध टप्प्याटप्प्याने थांबवण्याची शिफारस केली, पण झडलेली चरबी अनेकांना पुरती परत मिळालीच नाही.

अशांसाठी उपलब्ध असलेले पर्याय उपयोगी आहेत, पण प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. ह्यूस्टनमध्ये १९६२ साली पहिल्यांदा बसवलेले सिलिकॉनचे इम्प्लांट आज सर्रास वापरले जाते. शरीर त्याच्याभोवती तंतुमय आवरण तयार करते, काहींमध्ये ते आवरण आवळत जाते आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. खडबडीत पृष्ठभागाच्या काही इम्प्लांटांचा एका विरळ लसीकापेशी कर्करोगाशी संबंध दिसल्यावर २०१९ मध्ये ती जगभरातून परत मागवली गेली. पोटाची चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसह उचलून छातीवर बसवण्याची पद्धत अधिक नैसर्गिक फळ देते. मात्र ती कित्येक तासांची सूक्ष्मशस्त्रक्रिया असते आणि पोटावर दुसरी जखम ठेवून जाते. इंजेक्शनने भरायची बहुतेक द्रव्ये कालांतराने शोषली जातात. वाढत्या वयाच्या मुलाला यांतले काहीच पुरेसे नाही, कारण शरीराबरोबर वाढणारी गोष्ट फक्त जिवंत ऊतीच असू शकते.

चरबीला निव्वळ भरणी मानण्याचा काळही मागे पडला आहे. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी १९९४ मध्ये लेप्टिनचा शोध लावला. मेदपेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि शरीरात साठा किती आहे ते मेंदूला कळवतात, हे सिद्ध होताच चरबीची गणना अंतःस्रावी अवयवांत होऊ लागली. २००० साली अमेरिकेतल्या एका गटाने पांढऱ्या चरबीविना जन्मलेल्या, मधुमेही उंदरांच्या त्वचेखाली निरोगी उंदरांची चरबी बसवली, तेव्हा त्यांचा मधुमेह हटला. चरबीच्या अभावानेही मधुमेह होतो आणि ती दिल्यावर तो जातो, ही गोष्ट चरबीला शत्रू मानणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी अशी आहे. जन्मजात किंवा पुढे उद्भवलेल्या मेदक्षयाच्या रुग्णांसाठी पर्यायी मेदऊतीचा विचार होतो तो यामुळेच. तिथे प्रश्न रूपाचा कमी आणि चयापचयाचा अधिक असतो.

या ऊतीची रचना तिच्या सगळ्या अडचणींचे मूळ आहे. प्रौढ मेदपेशी बहुतांशी तेलाचा एकच मोठा थेंब असते. केंद्रक आणि बाकीचा पेशीरस कडेला ढकलून पातळ पापुद्र्यासारखा राहिलेला असतो. तिचा व्यास १०० मायक्रोमीटरपर्यंत आणि कधी त्याहून अधिक असतो. एवढी फुगलेली पेशी दाबाने सहज फुटते, तेलामुळे द्रवावर तरंगते, आणि एकदा प्रौढ झाली की तिचे विभाजन होत नाही. अशा पेशींभोवती कोलॅजनचे बारीक जाळे असते आणि जवळपास प्रत्येक पेशीला केशवाहिनी भिडलेली असते. वरून निर्जीव वाटणारी चरबी प्रत्यक्षात रक्ताने अत्यंत समृद्ध आहे. स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी २००८ मध्ये तिच्या नूतनीकरणाचा वेगही दाखवून दिला. शीतयुद्धाच्या काळात झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन-१४ वाढला आणि नंतर घटत गेला. मेदपेशींच्या डीएनएमध्ये त्याचे प्रमाण किती आहे यावरून त्या पेशीचा जन्म कोणत्या सुमारास झाला ते काढता येते. प्रौढ माणसात पेशींची एकूण संख्या साधारण स्थिर राहते आणि दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी बदलल्या जातात, असे त्यातून निघाले. मरणाऱ्यांची जागा घेणाऱ्या नव्या पेशी कुठून तरी येत असणारच. त्यांचे मूळ याच ऊतीत दडलेल्या पूर्वज पेशींमध्ये आहे.

चरबी एका जागेहून दुसऱ्या जागी नेण्याचे प्रयत्न या ज्ञानाच्या कितीतरी आधीचे आहेत. जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातील चरबी काढून डोळ्याच्या खोबणीजवळचा खोलगट व्रण भरला. बदामाएवढे लहान तुकडे टिकतात, मोठे टिकत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण होते. सगळ्या विषयाची मुख्य अडचण त्या एका निरीक्षणात आलेली होती. तिचे कारण कळायला मात्र शतक लागले. १८९५ मध्ये व्हिन्सेंट्स चेर्नी यांनी एका रुग्णेच्या शरीरातली चरबीची गाठ काढून तिच्याच स्तनात बसवली. १९५०च्या सुमारास अमेरिकेत लिंडन पिअर यांनी रोपण केलेल्या चरबीचे वजन पद्धतशीर मोजले आणि वर्षभरात जवळपास निम्मी नाहीशी होते असे दाखवले. १९७०च्या दशकात इटली व फ्रान्समध्ये नळीने चरबी ओढून काढण्याचे तंत्र रूढ झाले आणि आतापर्यंत दुर्मीळ असलेला कच्चा माल एकाएकी लिटरांनी मिळू लागला. पुढे न्यूयॉर्कच्या सिडनी कोलमन यांनी ती हळुवार गोळा करून, अपकेंद्रित करून, बारीक धाग्यांसारखी अनेक थरांत सोडण्याची शिस्त घालून दिली. त्यांच्या पद्धतीने निकाल पुष्कळ सुधारले, पण किती टक्के चरबी टिकेल याची खात्री तीही देऊ शकली नाही.

मोठा तुकडा का मरतो, याचे उत्तर रक्तात आहे. महाराष्ट्राच्या वाचकाला हे तत्त्व एका जुन्या, नोंदलेल्या घटनेतून समजू शकते. १७९४ साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’ने पुण्याजवळ झालेल्या शस्त्रक्रियेचे वर्णन छापले. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापले गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला एका देशी कारागिराने कपाळाच्या कातडीतून नवे नाक घडवून दिले होते. कपाळावरून खाली वळवलेली कातडी दोन भुवयांच्या मध्ये एका अरुंद पट्टीने मूळ जागेशी जोडलेली ठेवली जाई आणि नाकाच्या जागी ती रुजल्याशिवाय ती पट्टी कापत नसत. त्या पट्टीतून रक्त येत राही. नळीने काढून सुईने सोडलेल्या चरबीला अशी कोणतीच पट्टी नसते. भोवतालच्या ऊतीतून झिरपून येईल तेवढ्याच प्राणवायूवर तिला पहिले काही दिवस काढावे लागतात आणि हे झिरपणे एक-दोन दशांश मिलिमीटरच्या पलीकडे जेमतेम पोचते.

तोक्योमध्ये कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये हे प्रत्यक्ष पाहिले. उंदरांत रोपण केलेल्या चरबीत पहिल्याच दिवशी मेदपेशी मरू लागल्या. कडेपासून ३०० मायक्रोमीटरच्या आत असलेल्यांपैकी काहीच तगल्या. त्याच तुकड्यातल्या मूलपेशी मात्र प्राणवायूच्या टंचाईत तीन दिवसांपर्यंत तग धरून होत्या. त्यामुळे तुकड्याचे तीन पट्टे पडतात. बाहेरच्या पट्ट्यात जुन्या पेशी जगतात, मधल्या पट्ट्यात त्या मरतात पण मूलपेशींतून नव्या जन्मतात, आणि गाभ्यात दोन्ही मरून तिथे व्रण वा तेलाची गाठ उरते. काही महिन्यांनी जी चरबी ‘टिकली’ असे म्हटले जाते तिच्यातली बरीच नव्याने जन्मलेली असते. या निष्कर्षाने शल्यविशारदांचे आणि पेशीशास्त्रज्ञांचे प्रश्न एकाच जागी आणून ठेवले.

पेशीशास्त्राची वाट वेगळ्या ठिकाणाहून आली होती. मार्टिन रॉडबेल यांनी १९६४ मध्ये उंदराची चरबी कोलॅजनेज या विकराने विरघळवून मेदपेशी सुट्या केल्या. पुढे नोबेल मिळवणाऱ्या या शास्त्रज्ञाला मेदपेशींचे चयापचय अभ्यासायचे होते. अपकेंद्रणानंतर तळाशी बसणारा पेशींचा साका त्याच्या दृष्टीने दुय्यम होता. १९७४ मध्ये हॉवर्ड ग्रीन आणि मार्क म्यूथ यांनी उंदराच्या पेशींचा ३टी३-एल१ हा वाण प्रसिद्ध केला. बशीत ठेवल्यावर आपोआप तेल साठवू लागणाऱ्या या पेशी पूर्वमेदपेशींचा नमुना ठरल्या. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशीसंग्रहातून आजही देशभरच्या प्रयोगशाळा हा वाण मागवतात. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगलमन यांच्या प्रयोगशाळेने पीपीएआर-गॅमा हा जनुक-नियंत्रक पेशीला मेदपेशी होण्याच्या मार्गावर ढकलतो हे दाखवले. तळाच्या त्या साक्याला त्याचे महत्त्व मिळाले ते २००१ मध्ये. लॉस एंजेलिस आणि पिट्सबर्ग इथल्या संशोधकांनी, पॅट्रिशिया झुक पहिल्या लेखिका असलेल्या निबंधात, माणसाच्या ओढून काढलेल्या चरबीतल्या पेशी चरबी, हाड, कूर्चा आणि स्नायू या दिशांनी वळवता येतात असे मांडले. टाकून दिली जाणारी गोष्ट मूलपेशींचा सर्वांत सोयीचा साठा ठरली, कारण अस्थिमज्जेच्या तुलनेत चरबीत अशा पेशींचे प्रमाण कितीतरी जास्त असते.

प्रयोगशाळेतली कृती वर्णनाला सोपी आहे. काढलेली चरबी धुऊन रक्त आणि बधिरीकरणाचे द्रावण काढून टाकतात, मग ३७ अंश सेल्सियसला कोलॅजनेजमध्ये हलवत ठेवतात. अपकेंद्रणानंतर नळीत वर पिवळे तेल, त्याखाली तरंगत्या मेदपेशी, मध्ये द्राव आणि तळाशी लालसर साका दिसतो. साक्यातले जे बशीला चिकटते आणि वाढते त्या मूलपेशी. त्या सडपातळ, टोकदार, तंतुपेशींसारख्या असतात. बशी भरली की इन्सुलिन, डेक्सामेथासोन, आयबीएमएक्स आणि बहुधा पीपीएआर-गॅमा जागवणारे एखादे औषध यांचे मिश्रण देतात. काही दिवसांत पेशी गोलसर होऊ लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रकाभोवती चकचकीत ठिपके उमटतात. दोन-तीन आठवड्यांनी ऑइल रेड ओ या रंगद्रव्याने ते लालभडक दिसतात. तेलाचा एकच मोठा थेंब असलेली खरी प्रौढ पेशी मात्र सपाट बशीत क्वचितच तयार होते, आणि झाली तरी सुटून वर तरंगते. चरबीची पेशी करणे जमले. चरबी करणे बाकी राहिले.

त्या बाकी कामाच्या पद्धतींवरून या क्षेत्रात निरनिराळी घराणी पडली. रॉबर्ट लँगर आणि जोसेफ व्हकँटी यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या ऊती अभियांत्रिकीच्या सूत्राला धरून पहिले घराणे पेशी आणि सांगाडा एकत्र आणते. ह्यूस्टनच्या चार्ल्स पॅट्रिक यांनी विरघळणाऱ्या पीएलजीए बहुवारिकाच्या सच्छिद्र सांगाड्यात उंदराच्या पूर्वमेदपेशी पेरल्या. दोन महिन्यांत चांगली चरबी दिसली आणि सांगाडा विरघळत गेला तशी वर्षभरात नाहीशी झाली. अल्पकाळच्या यशावर विसंबू नये, हा धडा या प्रयोगाइतका स्पष्ट दुसऱ्या कशाने दिलेला नाही. २००५ मध्ये शिकागो इथे जेरेमी माओ यांच्या गटाने माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूलपेशी मेदपेशींच्या दिशेने वळवून पॉलिएथिलीन ग्लायकॉलच्या हायड्रोजेलमध्ये बसवल्या आणि उंदरांच्या त्वचेखाली ठेवल्या. चार आठवड्यांनंतरही त्यांचा आकार व मापे टिकून होती. रेशमाचे प्रथिन, कोलॅजन, हायलुरोनिक आम्ल अशी द्रव्ये पुढे तपासली गेली. कॅनडात लॉरेन फ्लिन यांनी माणसाच्या चरबीतूनच पेशी आणि तेल धुऊन काढले आणि उरलेले जाळे सांगाडा म्हणून वापरले. या जाळ्यात पेशींना मेदपेशी व्हायला उद्युक्त करणारे संकेत आधीच असतात, त्यामुळे हा मार्ग विशेष आशादायक वाटतो. क्यूबेकमधल्या ज्युली फ्रादेत यांच्या गटाने सांगाडाच वगळला. क जीवनसत्त्वाच्या साहाय्याने पेशींनाच स्वतःचे कोलॅजन विणायला लावून त्यांनी चरबीच्या चादरी तयार केल्या.

दुसरे घराणे शस्त्रक्रियेच्या दालनातून निघाले. त्याचा विचार असा की रोपणाची चरबी तीच ठेवावी, तिच्यातल्या मूलपेशी वाढवाव्यात. योशिमुरांनी तोच साका चरबीत मिसळून स्तनांवर उपचार केले. या मार्गाचा सर्वांत नेमका पुरावा डेन्मार्कमधून आला. तिथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत निरोगी स्वयंसेवकांच्या एका दंडात साधी चरबी आणि दुसऱ्यात संवर्धित मूलपेशींनी समृद्ध केलेली चरबी सोडली. १२१ दिवसांनी एमआरआयने मोजले तेव्हा साध्या चरबीचे सरासरी १६.३ टक्के आकारमान उरले होते, समृद्ध केलेल्या चरबीचे ८०.९ टक्के. स्वयंसेवक मोजके आणि चरबीचे तुकडे लहान होते. पेशी आठवडे-आठवडे वाढवायचा खर्च आणि त्यांची नैसर्गिकपेक्षा प्रचंड जास्त मात्रा या गोष्टी रोजच्या व्यवहारात आणणे सोपे नाही. तरीही मूलपेशींनी खरोखर फरक पडतो का, या शंकेला इतके सरळ उत्तर आधी मिळाले नव्हते.

तिसरे घराणे पेशी बाहेर काढतच नाही. मेलबर्नमध्ये वेन मॉरिसन यांच्या गटाने रक्तवाहिनीला जोडलेला चरबीचा लहान तुकडा छिद्रे असलेल्या घुमटाकार पेटीत ठेवून पेटी छातीच्या त्वचेखाली बसवली. मोकळी जागा आणि रक्त दोन्ही मिळाले की चरबी आपण होऊन वाढते, हे प्राण्यांमध्ये सिद्ध झाले होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवी प्रयोगात ५ स्त्रिया होत्या आणि ठळक वाढ फक्त एकीत दिसली, तिच्यात सुमारे २१० मिलिलिटर. एकीत का आणि चौघींत का नाही, हा या क्षेत्रातला मोलाचा प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियातच डिटमार हुटमाखर यांनी वेगळी युक्ती केली. त्रिमितीय मुद्रणाने घडवलेला पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा सांगाडा आधी रिकामाच बसवायचा, त्यात रक्तवाहिन्या शिरू द्यायच्या आणि मगच चरबी सोडायची. छोट्या जातीच्या डुकरांमध्ये ही क्रमवारी लाभदायक ठरली. कावसजीच्या कपाळावरली पट्टी जे काम करत होती तेच इथे आधी वाट पाहून साधले जाते.

सर्वक्षम मूलपेशींचा मार्ग अजून प्रयोगशाळेत आहे. शिन्या यामानाका यांनी २००७ मध्ये मानवी त्वचापेशी मागे वळवून आयपीएस पेशी केल्या. त्यांपासून पांढरी आणि तपकिरी, दोन्ही प्रकारची चरबी करता येते. ज्या रुग्णाच्या स्वतःच्या मेदपेशीच सदोष आहेत त्याच्यासाठी हा एकमेव मार्ग असू शकतो. अर्धवट वळलेल्या पेशींतून गाठ होण्याचा धोका मात्र त्यात कायम डोक्यावर असतो.

मूलपेशींच्या नावाखाली बाजारही उभा राहिला आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे भाग आहे. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दवाखान्यात तीन वृद्ध स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या गेल्या आणि तिघींची दृष्टी गेली किंवा जवळपास गेली. २०१७ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. स्वतःच्या शरीरातली पेशी म्हणून ती निरुपद्रवी, हा युक्तिवाद तिथे कोसळला. भारतात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकारांसाठीचे मान्यताप्राप्त रक्तमूलपेशी-रोपण सोडले तर मूलपेशींचा रुग्णांवरील वापर मंजूर चाचणीतच करता येतो. महाराष्ट्रातल्या शहरांत गुडघेदुखीपासून टक्कल पडण्यापर्यंत सगळ्यांवर ‘स्टेम सेल थेरपी’ असे फलक दिसतात. ते वाचणाऱ्याला ही तत्त्वे माहीत असणे गरजेचे आहे. कर्करोगाच्या जागी मूलपेशी देण्याची चिंताही दुर्लक्षिण्यासारखी नाही. या पेशी रक्तवाहिन्यांना बोलावणारे घटक स्रवतात, आणि उरलेल्या एखाद्या कर्कपेशीलाही तेच हवे असते. साध्या मेदरोपणानंतर रोग परतण्याचे प्रमाण वाढल्याचे बहुतेक रुग्णनोंदींत दिसलेले नाही. संवर्धित पेशींबाबत मात्र इतका दीर्घ अनुभव अजून गाठीशी नाही.

प्रस्तुत ग्रंथ जीवशास्त्राच्या पदवीधर विद्यार्थ्यांसाठी, शल्यविशारदांसाठी आणि स्वतःच्या वा घरच्यांच्या उपचाराचा निर्णय घेणाऱ्या सुजाण वाचकांसाठी लिहिला आहे. पेशी, सांगाडा आणि रक्तपुरवठा यांचा वेगवेगळा अभ्यास करण्याची रीत पाठ्यपुस्तकांत रूढ आहे. इथे प्रत्येक पद्धतीला एकच कसोटी लावली आहे: तयार झालेल्या चरबीला रक्त कधी, कुठून आणि किती दिवसांत पोचते. त्यामुळे काही गाजलेले प्रयोग थोडक्यात आले आहेत, तर पॅट्रिक यांच्या सांगाड्यासारखे फसलेले पण शिकवणारे प्रयोग सविस्तर. प्राण्यांवरचे निष्कर्ष आणि माणसांवरचे निष्कर्ष प्रत्येक ठिकाणी अलग नोंदले आहेत, आणि किती काळ पाहणी केली तो कालावधीही दिला आहे. तपकिरी चरबी, लठ्ठपणावरील पेशी-उपचार आणि संवर्धित मांसासाठी प्रयोगशाळेत वाढवली जाणारी चरबी हे शेजारचे विषय आहेत. त्यांतल्या ज्या तंत्रांचा पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेला थेट उपयोग होतो तेवढ्यांचाच इथे विचार केला आहे. सौंदर्यशस्त्रक्रियेतील मेदरोपणाची तंत्रे ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत.